नुसतं बघतेय

स्पॅनिशच्या बहुतेक पुस्तकांत दुकानाचा धडा 'क्वांतो क्वेस्ता?' म्हणजे 'केवढ्याला?' इथून सुरू होतो. मीही तो प्रश्न घोटून घेतला होता. मुलीकडे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला राहायला गेले तेव्हा दिसलं, की बाजारात तो विचारायची वेळच फारशी येत नाही. भाव टोमॅटोच्या ढिगात खोचलेल्या पाटीवर लिहिलेला असतो, आणि तिथल्या भाजीवाल्याशी घासाघीस करायची नसते. मग बोलायचं काय? भरपूर काही, फक्त ते पैशांबद्दल नसतं.

दुकानात शिरल्याशिरल्या 'ओला, ब्वेनास', म्हणजे नमस्कार म्हणायचं, तेही एकट्या दुकानदाराला नव्हे, तर आत असतील त्या सगळ्यांना उद्देशून. न बोलता थेट वस्तूंना हात घातला तर तो उद्धटपणा. फळांना तर हात लावायचाच नाही, तशा पाट्याच असतात. भेंडी मोडून बघितल्याशिवाय घेऊ नये, अशा संस्कारांत वाढलेल्या माझ्यासारखीला हे जड गेलं.

शहरातल्या मोठ्या मंडईची इमारत १९२८ सालची. उंच घुमट, रंगीत काचा, आणि वर वारा दाखवायला चक्क एक पोपट. खालचा कलकलाट ऐकला की त्याची नेमणूक योग्यच वाटते. इथले पुष्कळ विक्रेते 'ब्वेनोस दीआस' न म्हणता 'बॉन दीआ' म्हणतात, कारण गावाची स्वतःची भाषा वेगळी. म्हणजे पुस्तकाला पहिल्याच नमस्कारात सुट्टी!

मला सगळ्यांत उपयोगी पडलेलं वाक्य मात्र 'किएन एस एल उल्तिमो?', शेवट कोण? गाळ्यापुढे रांग दिसत नाही, माणसं नुसती विखुरलेली असतात. आपण जाऊन हे विचारायचं, कोणीतरी बोट वर करतं, की आपला नंबर त्याच्यामागे. मग खुशाल शेजारच्या गाळ्यावर ऑलिव्ह न्याहाळा. फक्त पुढचा येऊन विचारेल तेव्हा बोट वर करायला जागेवर हवं. काही ठिकाणी हल्ली नंबराच्या चिठ्ठ्या फाडून घ्यायच्या असतात. त्यात मजा नाही.

आणि माप! ऑलिव्ह घेताना माझ्या पुढच्या आजी म्हणाल्या, 'क्वार्तो इ मिताद.' पाव किलो आणि त्याचं निम्मं, म्हणजे ३७५ ग्रॅम. अहो, हे तर दीडपाव! त्यानंतर मी गरज असो नसो, सगळं दीडपावच घ्यायला लागले. विक्रेता दर वेळी 'आल्गो मास, ग्वापा?' विचारतो. आणखी काही, सुंदरी? आपल्या मंडईत ताईची मावशी आणि मावशीची आजी होताना मी निमूट बघितलंय. इथे ऐंशीच्या बाईलाही 'ग्वापा', क्वचित 'रेइना', म्हणजे राणीसुद्धा. याला मी हरकत घेतली नाही.

कपड्यांच्या, चपलांच्या दुकानांत निराळं शास्त्र. 'सोलो एस्तोय मिरांदो, ग्रासियास', नुसतं बघतेय, एवढं म्हटलं की विक्रेती खरोखरच बाजूला होते. बारा साड्या उलगडून घेऊन रिकाम्या हातानं उठण्यातला अपराधीपणा इथे मिळतच नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे थोडं चुकल्यासारखंही होतं. घालून बघितल्यावर निसटायचं वाक्य वेगळं : 'मे लो वॉय आ पेन्सार', विचार करून सांगते. ज्यांना यायचंच नसतं त्यांनी जगभर बोलायचं ते हेच.

एका दुपारी सँडल पायात चढवून, आरशात दोन्ही बाजूंनी बघून मी ते अगदी सफाईनं म्हटलं. बाईंनी मान डोलावली, घड्याळ बघितलं आणि सांगितलं, की आता दोनला बंद करू, पाचला उघडू, तोवर तुमचा विचार होईल. एक ते चार पाळणाऱ्या पुण्यातून आलेली मी, काय बोलणार! पाचला गेले आणि सँडल घेऊन आले.