निवलेला चहा

आमच्या घरात चहा निवला की त्यामागे कुणाचा तरी गुन्हा असतो. पाहुण्यांचा कप निवला तर यजमान बोलत सुटले होते, घरच्यांचा निवला तर मोबाइल. सासूबाई जाता-येता कपाला बोटाची मागची बाजू लावून बघतात आणि म्हणतात, "च्या निंवली मगे, हून करून हाडूं?" म्हणजे, निवला ना, गरम करून आणू? घरात बोलणं कोकणी, वाचणं मराठी आणि चहा दोन्ही भाषांत कडकच. अशा घरात गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम चहा करून मुद्दाम तो थंड करत होते. वर त्यात फळं घालत होते.

सुरुवात मुलाने केली. पणजीला कुठेतरी मित्रांबरोबर आंब्याचा आइस टी पिऊन आला आणि किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत आमच्याकडे आठवडाभराची चहापूड येते. त्याच्याकडचा फोटो बघितला. उंच ग्लास, वर पुदिना, मध्ये बर्फ, खाली चहा. आंबा दिसला नाही. चव इसेन्सची होती, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. मे महिन्यात, गोव्यात, आंब्याचा इसेन्स! फोंड्याच्या बाजारात मानकुराद आंब्याचे ढीग लागलेले असताना! मी म्हटलं, थांब, घरी करते.

काय अवघड असणार? चहा उकळायचा, गाळायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा. नेहमीची दाणेदार पूड घेतली, नेहमीसारखी खळखळून उकळली आणि गाळून गरमागरम भांडं तसंच फ्रिजमध्ये सारलं. दोन तासांनी काढलं तर आत मातकट, गढूळ पाणी. दूध घातलेलं नाही आणि तरी दुधाळ. आधी गाळण्यावर संशय घेतला, मग टाकीच्या पाण्यावर. खरं कारण चहातच होतं. पुडीतलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं गरम पाण्यात सुटी सुटी असतात, गार होताना ती एकमेकांना धरतात आणि त्यांचा गढूळपणा दिसू लागतो. चहाची पारख करणारे याला 'क्रीमिंग डाऊन' म्हणतात आणि चहा दमदार असल्याची खूण मानतात. म्हणजे चहालाच साय आली म्हणायची. मी मात्र तो दमदार चहा मोरीत ओतला होता. पेलाभर उकळतं पाणी घातलं असतं तरी बराच निवळला असता, हे नंतर कळलं.

मग पद्धत बदलली. दाणेदार पुडीऐवजी पत्तीचा चहा आणला. उकळायचा नाही, उकळत्या पाण्यात घालून झाकण ठेवायचं आणि चार मिनिटांनी गाळायचं. त्यापुढे कडवटपणा उतरतो आणि मग साखर ओतत बसावं लागतं. पत्ती नेहमीच्या दुप्पट, कारण पुढे बर्फ वितळून पाणी होणारच. भांडं आधी ओट्यावरच निवू द्यायचं, फ्रिज नंतर. साखर गरम असतानाच विरघळवायची, नाहीतर ती ग्लासाच्या तळाशी वाळूसारखी बसते आणि शेवटचा घोट पाक होतो. सगळ्यांत सोपा प्रकार तर मला फार उशिरा सापडला. रात्री गार पाण्यातच पत्ती घालून बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी गाळायची. रंग उतरतो, कडूपणा फारसा नाही, गढूळपणा तर नाहीच. फक्त ती बाटली बाहेर ओट्यावर रात्रभर ठेवू नये. आमच्या मे महिन्यातल्या दमट हवेत दुपारचा भात रात्रीपर्यंत टिकत नाही, तिथे चहाचं काय.

चहा जमला, पण फळं जमेनात.

मानकुरादचा रस घातला तर तो आधी मस्त फिरला आणि पाच मिनिटांत खाली जाऊन बसला. वर चहा, खाली आंबा, मध्ये दोघांचं भांडण झाल्यासारखी रेघ. ढवळलं की एक होत, ठेवलं की वेगळे. शिवाय मानकुरादचा रस चहात घालताना माझा हात खरंच थरथरला. सासूबाईंनी रिकाम्या सालींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की समजायचं. मुलाने तळातला आंबा चमच्याने खाऊन टाकला आणि वरचा चहा तसाच ठेवला. म्हणजे निकाल लागला.

मग काजूचा निरो. शेजारच्या कुळागरातून बाटली आली होती. बोंडूचा तो ताजा रस दुपारी आंबू लागण्याआधी संपवावा लागतो, म्हणून म्हटलं करून बघू. हे कुणी करू नये. बोंडू मुळात तुरट, चहा मुळात तुरट. दोघे एकत्र आल्यावर जीभ लाकडाची झाली आणि टाळूला खरवडल्यासारखं वाटलं. यजमान म्हणाले, "त्यापेक्षा महिनाभर आधी हुर्राक आणली असती." हुर्राक म्हणजे याच रसाची पहिल्या धारेची दारू. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण मुलासमोर बोलायची गरज नव्हती.

अननस बरा निघाला. बारीक तुकडे साखरेत तासभर मुरवले, सुटलेलं पाणी चहात घातलं, तुकडे वर. अननसाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

पण त्या दिवशी चिरता चिरता एक गंमत लक्षात आली. अननस पोर्तुगीजांनी आणला, नावासकट. काजूही त्यांनीच ब्राझीलमधून आणला, तोही नावासकट. आणि चहाला जगातले बरेच लोक 'टी', 'ते', 'थे' म्हणत असताना पोर्तुगीज मात्र 'शा' म्हणतात, लिहिताना तो 'च'वाला, कारण त्यांचा चहाशी संबंध आला तो दक्षिण चीनमधल्या मकावच्या बाजूने, कँटनी लोकांच्या 'चा'मधून. इंग्रजांच्या दरबारात चहाची टूम काढली तीही एका पोर्तुगीज राजकन्येने. कॅथरीन ऑफ ब्रागांझा 1662 मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून गेली तेव्हा. तिच्या आंदणात मुंबई बेट होतं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. तिच्या चहाचं मात्र कुणी विचारत नाही. आणि गार चहा गाजला तो अमेरिकेत, 1904 च्या सेंट लुइसच्या जत्रेत. रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ तिथे भारतातल्या चहाचा प्रचार करायला बसले होते. उकाडा इतका की गरम चहाकडे कुणी फिरकेना, म्हणून त्यांनी तो बर्फावर ओतला, अशी गोष्ट सांगतात. शोध काही त्यांचा नव्हे, 1879 सालच्या व्हर्जिनियातल्या पाकपुस्तकात गार चहाची कृती छापलेली आहे. पण मला ब्लेचिंडेनसाहेबांबद्दल आपुलकी वाटते. घामाघूम होऊन, समोर न खपणारा चहा घेऊन बसणं म्हणजे काय, हे मला आता ठाऊक आहे.

शेवटी जे जमलं ते बाहेरून आणावं लागलं नाही. गच्चीवर उन्हात काचेची बरणी होतीच. दर मे महिन्यात असते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आमची भिंडां, अर्धी कापून बिया काढायच्या, सालीच्या वाटीत साखर भरायची आणि वाट्या एकावर एक बरणीत रचायच्या. वर फडकं बांधायचं. दोन-तीन दिवसांत साखर विरघळते आणि वाट्या आपल्याच रसात बुडतात. तो रस नुसता लाल नसतो. बरणी तिरकी केली की काचेवर तो जिथे पातळ होतो तिथे जांभळा दिसतो आणि तळाशी जवळपास काळा. सरबताची बेगमी म्हणून ही बरणी भरायची असते, चहासाठी नव्हे. तरी मी एक पळी चोरली.

लिंबू पिळलं की काळा चहा फिका पडतो हे सगळ्यांनी बघितलेलं असतं, विटकरी रंगाचा मधासारखा होतो. कोकमाच्या आंबटपणानेही तेच होतं, पण फिक्या झालेल्या चहात मागून कोकमाचा स्वतःचा रंग उतरतो. चमचा फिरवायच्या आत ग्लास माणकासारखा झाला. तळाशी काही बसलं नाही, वर काही तरंगलं नाही. किंचित मीठ घातलं, दोन मिरीदाणे ठेचून टाकले. आंबट आधी, गोड मागाहून आणि अगदी शेवटी घशात चहा. आंब्याशी भांडलेला तोच चहा इथे गुमान मागच्या बाकावर जाऊन बसला.

तेवढ्यात वीज गेली. मे महिन्यात ती जाते, त्यात नवल नाही, पण बर्फाचा ट्रे नुकताच भरून ठेवलेला होता. मुलाने कोकम घातलेल्या चहाची बाटली कळशीत घातली आणि दोरीने विहिरीत सोडली, लहानपणी आम्ही आंबे सोडायचो तशी. बर्फाएवढी गार नाही झाली, पण तासाभराने वर आली तेव्हा बाटलीवर बाहेरून थेंब धरले होते.

चार वाजता सासूबाई वामकुक्षी आटोपून सोप्यावर आल्या. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल भोंगा वाजवत येऊन गेली होती, कागदात गुंडाळलेली कांकणं, बांगडीच्या आकाराचे कडक पाव, टेबलावर होती. मी ग्लास पुढे केला. त्यांनी आधी कपाला लावतात तसं ग्लासाला बोटाची मागची बाजू लावून बघितली. मग घोट घेतला. दुसरा घेतला. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी एक कांकण मोडलं आणि तुकडा ग्लासात बुडवला. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी तो धरून ठेवला, वर काढला, चिमटीत दाबून बघितला, परत बुडवला. गरम चहात तीन मोजेपर्यंत मऊ होणारा तो तुकडा लाल झाला होता, पण कडकच होता.

"बरें आसा गो," त्या म्हणाल्या आणि तुकडा बशीच्या कडेला ठेवला. "पूण हातूंत कांकण भिजना. आतां च्याक उदक दवर."

वीज नव्हती, पण गॅस होता. मी आधण ठेवलं.