मर्यादेच्या आत

आज आजी रागावल्या नाहीत. संध्याकाळपासून तेवढंच डोक्यात घोळतंय.

मागच्या उन्हाळ्यात याच ओट्यावर त्यांनी मला असा काही झोडला होता की शेजारचे जेवण सोडून बाहेर आले होते. आज मला, कोळसा खाण कंपनीच्या माणसाला, खुर्ची पुसून दिली. फडकं काळं झालं, ते त्यांनी माझ्यासमोर नाचवलंसुद्धा नाही, सवयीने खांद्यावर टाकलं. चहा आणला आणि कपावर बशी पालथी घातली. "दोन वाजाचे आले ना, झाकून राहू दे. उडाल्यावर पे."

भोंगा झाला, मागोमाग खाणीतलं ब्लास्टिंग. फळीवरचे डबे वाजले, आढ्यावरून चिमूटभर माती गळाली ती नेमकी बशीवर. आजींनी बशी फुंकली, पदराने पुसली, चहा ओतला आणि म्हणाल्या, "तू तं नोकरी करतं बापा. तू का करशीन."

घराला बसणाऱ्या हादऱ्यांबद्दल त्यांनी अर्ज केला होता, मी त्याचं कंपनीचं उत्तर द्यायला गेलो होतो. सही-शिक्क्याचं. आणि उत्तर चुकीचं नाही, हीच तर पंचाईत आहे. धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाचं १९९७ चं परिपत्रक मला पाठ आहे: घर कंपनीचं नसेल तर हादऱ्याची कंपनं ८ हर्ट्झच्या खाली असताना जमीन हलण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, त्याच्या वर १५. ग्रामपंचायतीमागे हादरे मोजायचं मशीन लावलं तेव्हा मी स्वतः उभा होतो. आकडा बराच खाली आला. 'मर्यादेच्या आत.' पण माणसाच्या तळपायाला सेकंदाला एका मिलिमीटरचा हादराही कळतो. हे ट्रेनिंगमध्ये सांगतात, उत्तरात लिहीत नाहीत. आणि डबे वाजतात ते तर बरेचदा हवेतून येणाऱ्या धक्क्याने. म्हणजे मशीन खरं बोलतं आणि आजीही खरं बोलतात, आणि मधल्या कागदावर जावक क्रमांक माझ्या हातचा.

भिंतीच्या भेगेबद्दल आम्ही काळ्या मातीचा मुद्दा लिहिलाय. तोही खोटा नाही. आपली जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, उथळ पायाच्या भिंती खाण नसलेल्या गावातही तडकतात. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं, तेव्हापासून इकडे भेग म्हटली की लोकांची झोप उडते. ते जुन्या भूमिगत खाणीमुळे, हे ब्लास्टिंगचं, असा फरक मी समजावून सांगू शकतो. रात्री बारा वाजता भेगेवर टॉर्च मारणाऱ्या माणसाला नाही सांगू शकत.

तरी राग यायला हवा होता त्यांना.

ऑफिसात मी 'गावाकडचा', गावात 'कंपनीचा'. घरी ही माझे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवते. बाबांना तरी बरं होतं, अंडरग्राऊंडला होते, वर येऊन कुणाला उत्तरं द्यावी लागली नाहीत. त्यांचा खोकला... जाऊ दे, आज तो विषय नको.

परतताना पाटलांच्या पोराने बांधावर अडवलं, कापसाचं बोंड तळहातावर ठेवलं. पांढरं म्हणायचं म्हणून पांढरं. व्यापारी याच रंगावर भाव पाडतो. मी टँकरचं सांगितलं, धूळ बसावी म्हणून खाणीच्या रस्त्यावर दोन पाळ्यांत पाणी मारतो म्हणून. तो म्हणाला, "तपासणी असली का तीन पाळ्यांत मारता तुम्ही." मला हसू आलं, त्यालाही. मेच्या उन्हात टँकर वळून येईपर्यंत रस्ता सुकलेला असतो, हे दोघांनाही माहीत. तोही रागावला नाही. काय झालंय सगळ्यांना?

पण मला नेमकं हवं तरी काय होतं? शिव्या? शिव्या खायला गेलो आणि चहा पिऊन आलो, तर माणसाने खुश व्हावं. मिळाल्या नाहीत म्हणून कुणाकडे अर्ज करू, आणि त्याच्यावर 'मर्यादेच्या आत' असं उत्तर आलं तर? रागावणारा माणूस निदान आपल्याला कामाचा समजतो. आजींनी आज मला त्यातून मोकळं केलं, आणि ते मला काही केल्या गिळवत नाहीये. बरं, एवढं मनाला लावून घ्यायचं तर ही नोकरी नाही करायची. करायची तर आहेच. बँकेचा हप्ता दहा तारखेला.

ब्लास्टिंगच्या साहेबांना गाठलं. गावाच्या बाजूच्या बेंचवर, म्हणजे खाणीच्या पायरीवर, एका डिलेमागे, म्हणजे एका दमात उडणारं, बारूद कमी भरा, वारा गावाकडे असला तर थोडं थांबा, एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "करू. पण होल वाढतील, ड्रिलिंगचं बिल तू भरशील का?" यातला 'करू' मी डायरीत लिहून घेतलाय, तारखेसकट.

आणि पुढच्या अर्जाच्या मसुद्यात एक ओळ घातली: 'पाहणीच्या वेळी घरात हादरा जाणवला.' मोठे साहेब ती खोडणार. खोडली की 'हादरा जाणवतो असे अर्जदाराचे म्हणणे आहे' करून पुन्हा पाठवीन. तेवढं ते चालवून घेतात.