पावती खिशातच होती

"काका, मागचे ८० राहिलेत." सलूनमधला पोऱ्या आज भर दुकानात म्हणाला. काकांनी मुकाट्याने मोबाईल पुढे केला. पैसे सकाळीच मालकाच्या खात्यात गेलेले. पोऱ्या ओशाळून फडकं झटकत राहिला.

मला अमेरिकेतल्या, तेव्हा इंग्रजांच्या अमलाखालच्या बोस्टनचा एडवर्ड गॅरिक आठवला. विगवाल्याकडे उमेदवारी करणारा पोरगा. ५ मार्च १७७० ला त्याने गोल्डफिंच या इंग्रज अधिकाऱ्याला रस्त्यात हटकलं, मालकाचे पैसे थकवलेत म्हणून. पावती गोल्डफिंचच्या खिशातच होती! तो न बोलता निघून गेला.

तिथल्या इंग्रज पहारेकऱ्याने मात्र पोराला बंदूक हाणली. गर्दी जमली, सैनिकांच्या गोळ्या सुटल्या, पाच जण गेले. त्यात १७ वर्षांचा सॅम्युएल मॅव्हरिक, तोही हस्तिदंत कातणाऱ्याकडचा शिकाऊ.

दीड वर्ष शहरात इंग्रजांनी लष्कर बसवलेलं, निमित्त काहीही पुरलं असतं म्हणा. तरी, ती पावती दाखवली असती तर?