सतरा जणांची मॅच

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या एका क्लबचे करार आणि सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा, सांभाळणं ही माझी नोकरी. 2023-24 च्या हंगामातला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी कॅप होती 8 कोटी 35 लाख डॉलर. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, 23 खेळाडू ठेवायची मुभा असते. पैसे पुरत नव्हते म्हणून आम्ही 20 वर भागवत होतो. बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली म्हणजे गोलरक्षक. राखीव कोणी नाही. त्यात एक मोठ्या कराराचा खेळाडू आधीच एलटीआयआरवर, म्हणजे दीर्घकालीन जखमींच्या यादीत. त्या वेळी त्याच्या कराराइतकी रक्कम कॅपच्या वर वापरता यायची, हे बाहेरच्यांनाही ठाऊक होतं. पण एरवी रोज उरलेली जागा पुढे साठत जाते, तशी ही यादी वापरात असताना एक सेंटही साठत नाही. आमच्याकडे उरले होते पाच लाखांच्या आसपास, आणि लीगमधला किमान पगार 7,75,000 डॉलर. म्हणजे सगळ्यात स्वस्त पोरगासुद्धा परवडणार नव्हता.

आदल्या रात्री शॉट अडवताना एका डिफेन्समनच्या खांद्याला लागलं. साध्या जखमींच्या यादीत टाकलं तर रोस्टरवरची जागा मोकळी होते, कॅपमधली नाही. एलटीआयआरसाठी किमान 24 दिवस आणि 10 सामने, दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. वेव्हर्सशिवाय, म्हणजे इतर क्लबांना उचलायची संधी न देता, खालच्या लीगमध्ये पाठवता येईल असा कोणी उरला नव्हता. वेव्हर्सवर टाकावं, तर दुपारी दोनपासून 24 तास थांबायचं. मॅच संध्याकाळी सातला.

सगळ्यांच्या नजरा टीम डॉक्टरांकडे. जखमी खेळाडू स्वतःच म्हणाला, "चोवीस लिहा ना डॉक. माझी काही तक्रार नाही." जनरल मॅनेजर गप्प राहिले, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला. डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा उघडला, नीट पाहिला आणि अहवालात लिहिलं : 12 ते 14 दिवस. मग म्हणाले, "खांदा दोन आठवड्यांत बरा होईल. मी दुसरं काय लिहू?" इतका सरळ माणूस या धंद्यात मी दुसरा पाहिलेला नाही.

आता एकच वाट उरली, आणीबाणीची सवलत. त्या हंगामात कॅपमुळे संघ अपुरा पडला तर किमान पगाराच्या वर एक लाखापर्यंतचा, म्हणजे 8,75,000 डॉलरपर्यंतचा खेळाडू कॅपमध्ये न मोजता बोलावता यायचा. मात्र त्याआधी एक मॅच अपुऱ्या संघानिशी खेळावीच लागायची.

म्हणून आम्ही अठराऐवजी सतरा स्केटर, म्हणजे गोली सोडून बाकीचे खेळाडू, उतरवले. पाच डिफेन्समन. आमचा सर्वांत वयस्कर डिफेन्समन 28 मिनिटांच्या वर बर्फावर होता. तिसऱ्या पीरियडमध्ये शिफ्ट संपवून बेंचकडे येताना त्याला कठड्याला धरून आत यावं लागत होतं. आम्ही हरलो. समाजमाध्यमांवर लोकांनी कोचला झोडपलं, ज्याचा यात काडीचाही दोष नव्हता. दोष सप्टेंबरात सह्या झालेल्या करारांचा होता, पण ते करार झाले तेव्हा याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद पाठवले आणि एएचएल या खालच्या लीगमधला पोरगा वर आला. टू-वे करार, म्हणजे दोन्ही लीगमध्ये वेगळा पगार, असल्यामुळे वरच्या प्रत्येक दिवसाचे त्याला 4,000 डॉलरच्या वर मिळाले. चांगला खेळला.

डॉक्टरांनी दहा दिवस जास्त लिहिले असते तर त्या रात्री आमचे सहा डिफेन्समन असते. खरं लिहिलं, त्याची किंमत पाच जणांच्या पायांनी मोजली. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत म्हणून 2005 मध्ये कॅप आली, आणि त्यासाठी अख्खा एक हंगाम बुडाला होता. मला ती पटते. पण किमान पगाराचा एक बदली डिफेन्समन पहिल्याच मॅचला आणल्याने कोणाचं काय बिघडतं? हंगाम संपल्यावर मी वरिष्ठांना टिपण दिलं : डॉक्टरांचा अहवाल असेल तर सवलत त्याच दिवशी मिळावी. अजून उत्तर आलेलं नाही.