बास्केटबॉलचे छोटे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं कॉलेजच्या जिमखान्याचं पत्र आलं. सोबत विजेत्या संघांची यादीही होती. कर्णधार आहेत, व्यवस्थापक आहेत, क्रीडा संचालक म्हणून मोठे सर तर पानोपानी आहेत. छोट्या सरांचं नाव कुठेच नाही. म्हणून माझ्या वाट्याची सगळी जागा त्यांनाच देतो. वसतिगृह, कँटीन, गॅदरिंग यांवर बाकीचे लिहितीलच.

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर खेळाडूंच्या नावांखाली प्रशिक्षकाची ओळ असते आणि तिच्याखाली सहायक प्रशिक्षकाची. ती तळाची ओळ छोट्या सरांची. ते आपल्याच कॉलेजचे जुने पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारे. तीन गुणांची रेषा फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, १९८४ मध्ये आणली, तोवर त्यांचं शिक्षण आटोपलं होतं. त्यामुळे त्यांचा सगळा खेळ रिंगपासून दहा-बारा फुटांतला, बोर्डावर टेकवून मारलेल्या शॉटचा. पुढे बी. पी. एड., मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, आणि परत आपल्याच सिमेंटच्या कोर्टवर, मानधनावर.

नियमाप्रमाणे बाकासमोर एका वेळी एकालाच उभं राहता येतं, मुख्य प्रशिक्षकाला किंवा सहायकाला. मोठे सर मिनिटभरही बसत नसत, त्यामुळे छोटे सर कायम बसलेले, मांडीवर दोनशे पानी वही. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे आपले, उजवीकडे समोरचे. नोंदी मोजक्याच: कुणाचे किती फाउल, क्वार्टरमधले संघाचे फाउल, टाइमआउट किती उरले. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल भरले, की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून बिनअडथळा मारायचे शॉट, मिळतात. म्हणून चौथा लागला रे लागला, की ते मोठ्या सरांच्या शर्टाचं टोक ओढायचे. तेवढ्या खुणेवर मोठे सर मुलांना हात आवरायला सांगत. सेंटरचे, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचे, मध्यंतरापर्यंत तीन फाउल झाले असतील, तर तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला तो बाकावर. मध्यंतरानंतर अंग थंड असतं आणि जोश जास्त, चौथा फाउल तेव्हाच पडतो, असा त्यांचा हिशेब होता.

सरावात फ्री थ्रो शेवटी, तेही धावून दम लागल्यावर. सामन्यात ते दमलेल्या पायांनीच मारावे लागतात. शॉट बसला तर वहीत फक्त टिंब. चुकला तर चार चौकटी: आखूड, लांब, डावीकडे, उजवीकडे. आखूडच्या चौकटीत काड्या वाढल्या म्हणजे गुडघे वाकत नाहीत, नुसत्या हाताने फेकतोय. डावी-उजवी भरली म्हणजे कोपर बाहेर जातंय, नाहीतर आधाराच्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलतोय. अशा मुलाला ते रेषेवरून उठवून रिंगपासून तीन-चार फुटांवर आणत आणि एका हाताने मारायला लावत. तिथे सलग बसायला लागले, की एकेक पाऊल मागे, फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत.

जिमखान्याच्या खांबावरच्या पेन्सिलच्या खुणा आठवतात ना? त्या त्यांच्याच. तेव्हाच्या नियमानुसार चेंडूचा तळ १.८० मीटरवर धरून सोडला, तर उसळीत त्याचा माथा १.२० आणि १.४० च्या मधे यायला हवा. सकाळी बरोबर असलेला चेंडू एप्रिलच्या उन्हात चार वाजता चढलेला असतो, मग चांगला शॉटही रिंगवरून उडतो. म्हणून सामन्याचे चेंडू सावलीत आणि तपासणी सामन्याच्या वेळेलाच.

आंतरविभागीय स्पर्धेतला एक उपांत्य सामना सांगतो. गुणलेखकाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा लाल बाण होता. पंचाने उडवलेल्या चेंडूसाठी दोघांनी उडी मारायची, तो जंप बॉल फक्त सुरुवातीला होतो. नंतर हेल्ड बॉल झाला, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी चेंडू एकदमच घट्ट धरला, किंवा नवा क्वार्टर सुरू झाला, की बाण ज्या बास्केटकडे, तिकडे आक्रमण करणाऱ्या संघाला थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला मिळतो. तो थ्रो-इन झाला की बाण उलटा. मध्यंतरानंतर संघ बास्केट बदलतात, त्यामुळे गुणलेखकाने बाण हाताने फिरवून ठेवायचा असतो. तो फिरवायचा राहिला होता. पंच चेंडू समोरच्यांच्या हातात देणार, एवढ्यात छोटे सर उठले. टेबलाशी प्रशिक्षकाने किंवा सहायकानेच बोलायचं, तेही चेंडू डेड, म्हणजे खेळ थांबलेला, आणि घड्याळ बंद असताना, सौजन्याने. त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. दुसरा क्वार्टर आपण सुरू केला, त्यात एकच हेल्ड बॉल झाला, तो समोरच्यांना मिळाला, म्हणजे आता आपला. गुणलेखकाने शीट पाहिली आणि बाण फिरवला. सर जागेवर येऊन बसले. तो सामना आपण आरामात जिंकलो, त्या एका चेंडूने काहीच बिघडलं नसतं. मी आता राज्य स्पर्धांना टेबल ऑफिशियल म्हणून बसतो आणि मध्यंतराची शिट्टी वाजली की आधी बाण फिरवतो.

मोठे सर निवृत्त झाल्यावर संचालकपद रिकामं झालं. त्याला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. सरांकडे ती कागदं नव्हती. नवे संचालक आले, सर तळाच्या ओळीतच राहिले. अमेरिकेत असेच वर्षानुवर्षं सहायक राहिलेले बिल गथरिज म्हणून एक होते. कॅन्सस स्टेटचे खेळाडू, तिथेच सहायक, मग १९६७ पासून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या शेजारी ३० वर्षं. मायकेल जॉर्डन तिथे शिकला तेव्हाही बाकावर हेच सहायक. १९९७ च्या ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर असताना, स्मिथ निवृत्त झाले आणि गथरिज वयाच्या साठीत तिथले मुख्य प्रशिक्षक झाले. ३ हंगामांत ८० विजय, दोनदा देशातल्या शेवटच्या चार संघांत. पहिल्याच वर्षी सुरुवातीच्या पाचांत बसतील असे सहा जण होते, तर त्यांनी सहाही जणांना पाळीपाळीने खेळवलं. तिकडे सहायक हे पगारी पद असतं. आपल्याकडे मानधनाचं बिल वर्षअखेरीस निघायचं, तेही मुलांनी ऑफिसात दोन-तीनदा विचारल्यावर.

आता आकडे टॅबवर भरतात, ते चांगलंच आहे. पण आखूड-लांबचा रकाना त्यात कुणी भरताना मला दिसलेलं नाही.

महोत्सवाआधी कोर्ट रंगवणार आहेत, असं कळलं. २०१० मध्ये फिबाने तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली, त्यानंतर आपल्याकडची ती कमान छोट्या सरांनीच आखली होती. ठेकेदाराला एवढं सांगा: माप बोर्डापासून किंवा खांबापासून घेऊ नका. रिंग वाकली असेल तर आधी सरळ करा. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा. तो एंडलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर टेकला पाहिजे. तिथे खिळा ठोकून तार बांधा, सुतळी नको, ती ताणते. ६.७५ हे माप पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत, ५ सेंटिमीटरचा पट्टा त्याच्या आत. कोपऱ्यांत कमान थांबवून साइडलाइनच्या आतल्या कडेपासून ९० सेंटिमीटर सोडून सरळ रेषा मारा.