ठिकरीच्या घरांतली इटालियन

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या अंगणात गेले काही रविवार मी पाच-सहा वर्षांच्या भाचीला व तिच्या मैत्रिणींना इटालियन शिकवते आहे, आणि पाटी-पुस्तकाऐवजी खडूने आखलेली ठिकरीची आठ घरे हेच आमचे साधन आहे. प्रत्येक उडीबरोबर उनो, दुए, त्रे असे मोठ्याने म्हणायचे. 'सेत्ते' आणि 'ओत्तो' म्हणताना सात आणि आठ त्यांना आपोआप आठवतात. इटालियनमधील त आणि द मराठीप्रमाणेच दंत्य असल्याने उच्चारांचा फारसा त्रास झाला नाही.

खरी मौज द्वित्ताची, म्हणजे दुहेरी उच्चारलेल्या व्यंजनाची. 'पाला' म्हणजे फावडे आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू. मी शब्द उच्चारताच त्या वस्तूकडे धावायचे, असा खेळ आहे. कला आणि कल्ला यांतील फरक ज्यांच्या कानांत मुरलेला आहे, त्या मुलींना हे अवघड जाऊ नये. तरीही 'पाला' म्हटले की एकजण हमखास कडुलिंबाकडे पळते, आणि तिला चूक म्हणणे माझ्या जिवावर येते.

शेवटी 'उन, दुए, त्रे, स्तेल्ला!' हा इटलीतील मुलांचा खेळ होतो. पाठमोऱ्या गड्याने 'स्तेल्ला', म्हणजे तारा, म्हणत वळून पाहताच जी हलेल, ती पुन्हा तुळशीवृंदावनापाशी परत जाते.