शोरूम हलवलं, रिव्ह्यू सांभाळले: माझा अनुभव

कोल्हापुरातल्या एका कार डीलरशिपमध्ये मी ग्राहक संपर्काचं काम बघते. गाडी पोहोचल्यावर फोन करणं, सर्व्हिसनंतर काम कसं झालं ते विचारणारा पीएसएफ कॉल, तक्रारींचा पाठपुरावा आणि इंटरनेटवर लोक आमच्याबद्दल काय लिहितात ते वाचून उत्तर देणं, हे सगळं माझ्याकडे. २०२४ च्या पाडव्यानंतर आमचं शोरूम शहरातून सांगली फाट्याच्या बाजूला हलायचं ठरलं. त्याच सुमारास आमचं ऑनलाइन काम बघणाऱ्या एजन्सीचा करारही संपत होता. फर्निचर, वीज जोडणी, कंपनीच्या नव्या डिझाइनचा बोर्ड, सगळ्यांसाठी माणसं नेमली होती. रिव्ह्यूंचं काय करायचं, हे कुणीच विचारलं नव्हतं. हे काम माझ्याकडे आलं आणि ते पार कसं पडलं ते लिहिते आहे, कारण असं स्थलांतर प्रत्येक डीलरवर कधी ना कधी येतं.

मला काळजी वाटण्याचं कारण होतं. गूगलवर दुकानाचा पत्ता, फोन आणि रिव्ह्यू दाखवणारं पान, म्हणजे प्रोफाइल, गेल्या पंधरा वर्षांत किती वेळा बदललं बघा. २०१० मध्ये ते गूगल प्लेसेस होतं. २०१२ मध्ये गूगल प्लस लोकल झालं आणि तारे जाऊन झगाट या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेची तीस गुणांची पद्धत आली, ती वर्षभरात मागे पडून पुन्हा तारे आले. २०१४ मध्ये गूगल माय बिझनेस, नोव्हेंबर २०२१ मध्ये गूगल बिझनेस प्रोफाइल आणि २०२२ मध्ये वेगळं अ‍ॅपही बंद. ऑगस्ट २०१५ मध्ये गूगलवर शोधल्यावर नकाशाखाली दिसणारी सात नावं तीनवर आली. एकाच शहरात एकाच कंपनीचे दोन-तीन डीलर असतात, तिथे चौथ्या नंबरवर जाणं म्हणजे जवळजवळ नसणंच. अशा बदलांत हातात राहतं ते दोनच गोष्टींमुळे: पानाची मालकी आपल्या नावावर हवी आणि लोकांनी लिहिलेल्याची प्रत आपल्या घरी हवी. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं.

आणि त्या पानावर जे होतं, ते घालवून चाललं नसतं. जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता. पाणी ओसरलं तशा पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या टोइंग करून आमच्या वर्कशॉपला यायला लागल्या. आमच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरनी तेव्हा फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, बुडालेली गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च बहुतेक वेळा मालकाच्या अंगावर पडतो. जयसिंगपूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं, ‘किल्ली हातात घेतली होती, तेवढ्यात यांचा फोन आला. नको म्हणाले. म्हणून माझं इंजिन वाचलं.’ जाहिरातीवर कितीही पैसे खर्च केले तरी असं वाक्य मिळत नाही. नवीन पत्त्यावर नवीन प्रोफाइल उघडलं असतं तर हे सगळं जुन्या, बंद झालेल्या पानावर पडून राहिलं असतं.

पहिली अडचण मालकीची. प्रोफाइलचा मुख्य मालक म्हणून एजन्सीचा ईमेल होता, आमचा कुठेच नव्हता. हे फार ठिकाणी असतं. सुरुवातीला कुणीतरी ‘आम्ही करून देतो’ म्हणतं, आपणही होकार देतो, आणि पाच वर्षांनी दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर निघते. मी डीलरशिपच्या ईमेलवरून प्रवेशाची रीतसर विनंती पाठवली. सध्याच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात; उत्तर आलं नाही तर पडताळणी करून दावा करण्याचा मार्ग खुला होऊ शकतो. एजन्सीने आधी राहिलेल्या बिलाचा विषय काढला. आमच्या डीलरशिपच्या मालकांनी स्वतः फोन केला, ‘बिल वेगळं, पाटी वेगळी. बिलाचा हिशेब आपण बसून करू, पाटी आज द्या,’ म्हणाले, आणि मिळाली. पण नव्या मालकाला पहिले सात दिवस जुन्याला काढता येत नाही. तो आठवडा मी रोज सकाळी आल्याआल्या प्रोफाइलमधलं नाव, फोन आणि वेळ तपासत होते. सात दिवस झाल्यावर एजन्सीचा प्रवेश काढला आणि मालक म्हणून दोन ईमेल ठेवले. दोन्ही डीलरशिपचे, कुणाचाही वैयक्तिक नाही. माणूस नोकरी सोडून गेला तर प्रोफाइल त्याच्याबरोबर जायला नको.

मग पत्ता. जुनं पान ‘कायमचं बंद’ करायचं नाही, नवीन उघडायचं नाही, आहे त्याच पानावर पत्ता बदलायचा. एवढं पाळलं की रिव्ह्यू सोबत येतात. पत्ता बदलल्यावर पुन्हा पडताळणी आली, व्हिडिओची. सलग, न कापलेला व्हिडिओ लागतो. त्यात आजूबाजूचा परिसर, दुकानाचा बोर्ड आणि दुकान खरंच आपल्या ताब्यात असल्याचा पुरावा दिसावा लागतो. मी सर्व्हिस रोडवरून सुरुवात केली, दिशादर्शक फलक घेतला, बोर्ड घेतला, सिक्युरिटीच्या काकांकडून किल्ल्या घेऊन शटर उघडलं, आत जाऊन बिलिंग काउंटरवर आमची सिस्टीम सुरू केली. सकाळी आठच्या आत केलं, म्हणजे ग्राहकांचे चेहरे येत नाहीत. आदल्या संध्याकाळी एकदा करून बघितलं होतं, तेव्हा बोर्डावर ऊन येऊन अक्षरंच दिसत नव्हती. आधी वेळ बघून ठेवली तर हे काम अवघड नाही.

खरा विचार करायला लागला तो वर्कशॉपचा. शोरूम हललं, पण वर्कशॉप उचगावलाच राहिलं. गूगलच्या नियमांत कार डीलरला विक्री आणि सर्व्हिस अशी दोन वेगळी प्रोफाइल ठेवता येतात, नाव आणि वर्गवारी वेगळी असली की झालं. प्रश्न असा की जुने रिव्ह्यू एका बाजूलाच राहणार. सर्व्हिसचे तेवढे निवडून तिकडे नेता येत नाहीत. मी सगळे वाचून काढले. निम्म्याहून जास्त वर्कशॉपबद्दल होते, महापुराचे तर सगळेच. जनरल मॅनेजरांचं म्हणणं होतं की तारे शोरूमकडे राहू देत, विक्री तिथे होते. मी उलट मत मांडलं, पण शेवटी जुनं प्रोफाइल शोरूमकडेच गेलं, कारण कंपनीच्या वेबसाइटवरची आणि जाहिरातींमधली सगळी लिंक त्यावरच होती. वर्कशॉपने शून्यापासून सुरुवात केली. आजही मला वाटतं की ते रिव्ह्यू वर्कशॉपचे होते.

शून्यापासून सुरुवात म्हणजे रिव्ह्यू मागायचे कसे, हा प्रश्न आला, आणि जुनी पद्धत उघड झाली. एजन्सीने ग्राहकाला पाठवायची जी लिंक करून दिली होती, ती थेट गूगलवर जातच नव्हती. आधी एक पान उघडायचं, ‘तुम्ही किती तारे द्याल?’ चार किंवा पाच दाबले की गूगल, तीन किंवा कमी दाबले की आमचा अंतर्गत फॉर्म. नाराज माणसाला आपण बाजूच्या दाराने बाहेर काढत होतो. एप्रिल २०१८ पासून गूगलच्या धोरणात हे चालत नाही. शिवाय डिलिव्हरीच्या वेळी पाच तारे दिल्यास कार परफ्यूम, हेही सुरू होतं; मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं तर नियमात बसतच नाही. बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, नोव्हेंबर २०२२ मध्ये आणलेलं आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन रिव्ह्यूंचं मानक ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, हे त्यातही आहे.

मिटिंगमध्ये मी दोन्ही बंद करायला सांगितलं. जनरल मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, रेटिंग पडलं की कंपनीचा माणूस पहिला मला फोन करणार.’ त्यांचं चुकत नव्हतं. आकडा खाली आला की वरून विचारणा त्यांनाच होते. मी म्हटलं, ‘सर, नाराज माणूस कुठेतरी लिहिणारच. आपल्या पानावर लिहिलं तर निदान उत्तर देता येतं.’ मालकांनी सहा महिने करून बघा म्हटलं.

तेव्हापासून गेट पास झाला, म्हणजे गाडी वर्कशॉपबाहेर पडली, की प्रत्येक ग्राहकाला, भांडून गेलेल्यालासुद्धा, एकच मेसेज जातो: ‘नमस्कार. आपली गाडी आज वर्कशॉपमधून गेली. काम कसं झालं ते दोन ओळींत लिहा, चांगलं-वाईट जे असेल ते. जॉब कार्डाबद्दल काही राहिलं असेल तर या नंबरवर थेट बोला.’ जॉब कार्ड म्हणजे गाडीच्या कामाची नोंद. फोन नंबर सगळ्यांना मिळतो आणि लिंकही सगळ्यांना. सुरुवातीला रेटिंग उतरलं, साडेचारच्या खाली गेलं. त्या दिवसांत मिटिंगला जाणं सोपं नव्हतं.

पण काय लिहून यायला लागलं ते बघा. विक्रीच्या पानावर एकच शब्द पुन्हा पुन्हा: हँडलिंग चार्जेस, म्हणजे गाडी हाताळण्याच्या नावाखाली लावलेली जादा रक्कम. कोटेशनमध्ये ती ओळ होती आणि तिचं पटेल असं स्पष्टीकरण कुणाकडेच नव्हतं. अंतर्गत फॉर्ममध्ये हीच तक्रार वर्षानुवर्षं येऊन पडली होती, कुणी उघडून बघितली नव्हती. मी रिव्ह्यूंच्या प्रिंट काढून मालकांच्या टेबलावर ठेवल्या. ती ओळ गेली. आता कोटेशनवर एक्स-शोरूम, आरटीओ टॅक्स, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळे लिहिले जातात आणि विमा बाहेरून घेतला तरी चालेल, हे खाली छापलेलं असतं.

दुसरी तक्रार होती ‘एक टक्का जास्त लावला’. ही मात्र गैरसमजातून आलेली. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करून भरायचा कर, सरकारचा असतो, तो ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना करात वळता होतो. हे मी प्रत्येक उत्तरात नव्याने, त्या माणसाला उद्देशून लिहिलं. साचेबद्ध ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ मी टाकत नाही. ते उत्तर तक्रार करणाऱ्याइतकंच पुढचा ग्राहकही वाचतो.

याचं महत्त्व ऑगस्ट २०२४ नंतर जास्तच कळलं, गूगलने भारतात शोधाच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली तेव्हा. गारगोटीचं एक जोडपं आलं होतं, त्यातल्या ताईंनी बसल्याबसल्या विचारलं, ‘तुमच्याकडे हँडलिंग घेतात म्हणे?’ त्यांनी एकही रिव्ह्यू उघडला नव्हता, वरचा सारांशच वाचला होता. पूर्वी ताऱ्यांचा आकडा बघायचे, आता वाक्यं गोळा होऊन समोर येतात. ओळ काढली असली तरी जुनी वाक्यं तिथेच असतात. त्यामुळे जुन्या रिव्ह्यूंखालीही मी तारखेसह लिहिलं, ही आकारणी आम्ही बंद केली आहे. सारांश बदलायला वेळ लागला. ‘कोटेशन स्पष्ट दिलं’ असं नवे ग्राहक लिहायला लागले, तेव्हा तो बदलला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बऱ्याच व्यवसायांच्या रिव्ह्यूंची संख्या अचानक कमी दिसायला लागली. ती दिसण्यातली अडचण होती, असं गूगलने नंतर सांगितलं. त्या दिवशी मालक घाबरून फोनवर आले, तेव्हा मी आमची शीट उघडून दाखवली. स्थलांतराच्या वेळीच गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीतून सगळे रिव्ह्यू उतरवून घेतले होते आणि नंतरचे दर शनिवारी त्यात भरते: तारीख, तारे, मजकूर, जॉब कार्ड नंबर, काय केलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्या शीटने पुन्हा हात दिला. लहान गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून कमी होऊन १८ टक्के झाला, तो दिवस घटस्थापनेचा. ऑगस्टमध्ये बुकिंग केलेल्यांनी डिलिव्हरी पुढे ढकलली आणि सगळ्यांना गाडी हवी घटस्थापनेला किंवा दसऱ्याला. मागच्या दसऱ्याच्या नोंदी काढून बघितल्या, तर राग उशिराचा कमी आणि फोन न उचलल्याचा जास्त होता. मग दोन मुली फक्त फोनवर बसवल्या. ज्याची गाडी मुहूर्तावर मिळणार नाही त्याला आदल्या दिवशी आम्हीच सांगायचं, त्याने विचारायची वाट बघायची नाही. तरी काहींनी एक तारा दिला. त्यांचा मुहूर्त गेला होता, त्यांना मी फक्त माफी लिहिली, कारणं दिली नाहीत.

नोव्हेंबर २०२५ पासून टोपणनावानेही रिव्ह्यू लिहिता येतो. त्यामुळे नावावरून जॉब कार्ड सापडत नाही. आता मी मजकुरातून शोधते: गाडीचं मॉडेल, कुठला वार, कुठलं काम. सापडलंच नाही तर उत्तरात आमचा नंबर देते आणि गाडी क्रमांक तिथे लिहू नका, फोनवर सांगा, अशी विनंती करते. ‘हा आमचा ग्राहकच नाही’ असं मी कधीही लिहीत नाही. रिव्ह्यू खोटा असल्याची खात्री असेल तर गूगलकडे तक्रार नोंदवते आणि तिची स्थिती तपासत राहते. मागच्या महिन्यात कुणीतरी वर्कशॉपच्या पानावर क्लचच्या कामाबद्दल लिहिलं होतं, नाव नव्हतंच. फ्लोअर इनचार्जनी त्या आठवड्याची क्लचची जॉब कार्डं काढली, गाडी ओळखली, परत बोलावली. पेडल खरंच जड होतं, केबल बदलली. रिव्ह्यू अजून दोन ताऱ्यांचाच आहे.